एका गाण्याची हळद

तीर्थस्वरूप दामूमामांस,

शेखरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच). मामीचा गुडघा, तुमचा दमा आणि गाभण म्हैस ठीक असतील अशी आशा आहे. तुमचा फोन कालपासून बंद आहे, तोही ठीक असावा. हे पत्र घेऊन भिमा मोटरसायकलवरून म्हसा गावी येत आहे. त्याला चहा द्यावा, रागावू नये. तो फक्त माझे स्पीकर उचलतो.

काल हरेशदादाच्या हळदीतून तुम्ही उठून गेलात, त्याबद्दल इथे दोन मतं आहेत. एक, चूक शेखरची. दुसरं मत माझं आहे. मामा, डीजे म्हणजे नुसता ढणढणाट नव्हे, त्यालाही पूर्वज आहेत. पन्नासेक वर्षांपूर्वी विलायतेत केस वाढवलेल्या काही माणसांनी गिटारी आणि यंत्रं जोडून असं संगीत काढलं, की ऐकणाऱ्याला आपण अंतराळात तरंगतोय असं वाटावं. ठेका एकच आणि गाणं न संपणारं. (त्यांच्याकडे हळदी होत नसाव्यात.) आज तुमच्या जत्रेत ठेका पडण्याआधी जो 'सुंईं' आवाज चढत जातो, तो त्यांचाच वारसा. हे मोबाइलवर वाचलं तेव्हा मला भरून आलं. इतकी वर्षं मी सुंईं वाजवतोय आणि वाडवडिलांचा पत्ता नाही. म्हणून काल त्यांच्यातलंच एक गाणं, खाली आपला हळदीचा ठेका घालून, लावलं.

घोटाळा रिवाजाने केला. आपल्यात एका गाण्याला एक घर हळद लावतं, गाणं संपलं की पुढचं घर, आणि शेवटी मानाचा मामा. वाशिंदची काकामंडळी पुढे झाली आणि गाणं संपेना. मधेच मागे फिरणं त्यांना कमीपणाचं, आणि गाणं तोडायची माझी छाती नाही. रेश्माताईच्या हळदीत मी त्यांचं गाणं तोडलं, तेव्हापासून ते आपल्या घरचं पाणी पीत नव्हते. (काल प्यायले. पाणीही प्यायले.) तर ते लावत राहिले. दादाचे कान, नाक, घड्याळ पिवळं झालं. परात खरवडून संपली, तेव्हा काकूंनी दादाच्या पाठीवरची हळद काढून त्याच्याच पोटाला लावली. तुम्ही आहेराची पिशवी घेऊन ताटकळत उभे होता. गाणं संपलं तेव्हा दहा वाजले होते. कायद्याने डीजे बंद, हळद खलास. तुम्ही एवढंच म्हणालात, "आमी हळद लावायला आलेलो, चंद्रावर जायला नाय," आणि पिशवीसकट चालू लागलात. ते मला लागलं, मामा. सख्ख्या मामाचा हात राहून गेला.

बाकी सर्व क्षेम. लोभ होता तसा असावा, नसल्यास निदान आज संध्याकाळपुरता.

तुमचा भाचा,
शेखर

ता.क. लग्न आज गोरज मुहूर्तावर आहे. नवऱ्यामागे मामाने उभं राहायचं असतं आणि दादाला दुसरा मामा नाही. आईने सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही. पहाटे तिने स्वतः वाटीभर हळद वाटली आणि तुमच्यासाठी झाकून ठेवली. "माझ्या भावाचा हात लागल्याबिगर हरेशला आंघोळ नाय," एवढंच बोलते. दादा कालचाच पिवळा बसून आहे. पाहुणे त्याला लांबूनच भेटतात. भिमाच्या मागे बसून या.

ता.क. दुसरं. तुम्ही हळद लावाल तेव्हा डीजे बंद ठेवीन. पण भिमा सांगतो की काल रागाने फाट्याकडे जाताना तुमची मान ठेक्यात हलत होती, आणि तेव्हा डीजे कधीचाच बंद झाला होता.