सूर्यमाशाच्या डोळ्यामागची कोर

३ मार्च, सोमवार

ओरडलो! भरल्या दालनात, सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडलो — "अरे, हा तर माझा मासा!"

अक्षर मुंगळ्यांसारखं पळतंय. पळू दे.

निसर्ग-छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन. पहिलं बक्षीस आमच्या नातीला. बक्षीस म्हणजे नुसती ढाल नाही — संशोधनाच्या बोटीवर वर्षभर फोटो काढायची जागा! बोट बुधवारी, बारा तारखेला सुटते. सूनबाईने माझ्या कोटाला इस्त्री केली. पोरीने हात धरून नेलं. म्हणाली, "आजोबा, डोळे मिटा... आता उघडा."

उघडले. भिंतभर सूर्यमासा! जात्याच्या तळीसारखा गोल, शेपूट म्हणून नाहीच, नुसतं डोकंच कुणी पाण्यात सोडून दिल्यासारखा. इवलंसं तोंड उघडं — फळ्यापाशी उभं राहून कविता विसरलेल्या पोरासारखं. वरून उन्हाची तिरीप. आणि डोळ्यामागे एक फिकट चंद्रकोर.

ती कोर माझी आहे! उभी हयात मी संग्रहालयात माशांची मॉडेलं रंगवली. तिथल्या प्लास्टरच्या सूर्यमाशाला ती कोर मी काढली, मनाने काढली. निसर्गात ती नाही. मग समुद्रातल्या फोटोत आली कुठून?

तोंडातून निघून गेलं. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. प्रदर्शनाचे प्रमुख पुढे झाले — "तुमचा मासा म्हणजे?" आणि मी शहाणा सांगत बसलो! मॉडेल, प्लास्टर, कोर, पांढऱ्यात पिवळा किती घातला होता तेसुद्धा!

पोरीचा हात माझ्या हातातून कधी सुटला, कळलं नाही.

४ मार्च, मंगळवार

फोटो उतरवला. मुलगा सकाळीच बघून आला. "नुसता खिळा आहे," म्हणाला. चौकशी बसली आहे. खोटा ठरला तर बक्षीस गेलं, बोटही गेली.

सूनबाई भांड्यांना म्हणाली, "घरच्यांनीच असं केल्यावर बाहेरच्यांना काय बोलायचं!"

नात दुपारी बाहेर पडली. कुठे, ते विचारायचा धीर झाला नाही.

५ मार्च, बुधवार

आज तीच माझ्या खोलीत आली. स्टुलावर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन.

"आजोबा, उजाडल्यापासून पाण्यात होते मी. ओठ निळे पडले होते. दोनदा तो बुडी मारून गेला. तिसऱ्यांदा वर आला आणि माझ्याजवळच कुशीवर आडवा झाला. ऊन खात."

"आणि कोर?"

"होती."

"अगं, ती मी मनाने काढलेली!"

"मग त्यानेही मनानेच काढली असेल."

जीभ बघा पोरीची! माझीच दिसते.

मी तिला सगळं सांगितलं. ज्याच्यावरून मॉडेल केलं तो मासा किनाऱ्याला लागला तेव्हाच मेलेला होता. मेल्यावर या माशाचे रंग राहत नाहीत, उरते ती राख. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, जसा आहे तसा रंगव. रंगवला. पण ब्रश खाली ठेववेना. शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेल्या चंद्राच्या कविता तेव्हाही डोक्यात वाजत असायच्या — आजही वाजतात, मास्तर गेले, छडी गेली, चाल राहिली! नावात सूर्य असलेल्या बिचाऱ्याला म्हटलं एक चंद्र द्यावा. दिला. साहेब तडकले — "माशाला चंद्रकोर? उद्या कुंकू लावाल!" पण रंग वाळला होता.

मग मी नको ते बोललो. "हे बघ, संग्रहालयात जाऊन मॉडेलचा फोटो काढला असशील. मागे पाणी जोडलं असशील. आजकाल संगणकावर काय होत नाही? मी रागावणार नाही."

"एकदाच विचारते आजोबा. तुम्हाला वाटतं, मी असं करेन?"

नाही म्हणायला काय झालं होतं? दोन अक्षरं! मी पंख्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाली आणि उठली.

६ मार्च, गुरुवार

लहान असताना तिला कडेवर घेऊन तो मासा दाखवला होता. बराच वेळ बघून म्हणाली, "आजोबा, याची दुसरी बाजू कुठाय?" दुसरी बाजू नव्हतीच! भिंतीला लावायचा म्हणून अर्धाच केलेला मासा, मागे गोणपाट आणि लाकडी पट्ट्या. मोठमोठ्यांना जे सुचलं नाही ते एवढ्याशा पोरीने पकडलं. अशी पोर लबाडी करेल?

पण कोर! ती कोर कुठून आली?

७ मार्च, शुक्रवार

ती बॅग भरते आहे. बोटीचं सगळं अधांतरी, आणि ही लोकरीचे मोजे मोजते आहे. बघवत नाही. मुलगा वर्तमानपत्राआड, सूनबाई ओट्यापाशी.

८ मार्च, शनिवार

धक्क्यावर धक्का! एकाच दिवसात किती सोसायचे या वयात?

सकाळी कुणाला न सांगता संग्रहालयात गेलो. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघू. मासा दालनात नव्हता. भांडारातल्या बाई म्हणाल्या, "तो होय? जागा खातो म्हणून आत टाकलाय." किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे झाल्या. आत फिनेलचा वास. कोपऱ्यात, मोडक्या हरणाच्या मागे, माझा मासा. पराचा तुकडा पडलेला, ओठाचा टवका उडालेला.

मी डोळ्यामागे बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

कोर नाही!

सपाट राखाडी. घरच्या दाराला द्यावा तसा जाड ऑइलपेंट. "ती खूण ना?" बाई म्हणाल्या. "कुणीतरी मोठे साहेब आले होते म्हणे, चूक आहे म्हणाले, बुजवून टाकली. मी लागायच्या आधीची गोष्ट. आणि मला लागूनसुद्धा आता बारा वर्षं झाली!"

मी तिथेच एका खोक्यावर बसलो. आधी वाईट वाटलं ते माझंच — खोटं का बोलू? माझा चंद्र पुसला आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही! मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. पोरीच्या हाती कॅमेरा आला तेव्हा या माशावर कोर नव्हतीच. हा टवके उडालेला अर्धा मासा आणि तो फोटोतला — एक कसे असतील? म्हणजे तो खरा! म्हणजे कुठेतरी खोल पाण्यात डोळ्यामागे चंद्रकोर मिरवणारा सूर्यमासा खरोखर पोहतो आहे! मी ज्याला माझी कल्पना म्हणत आलो, ती त्याच्या अंगावर आधीच असेल, मला न विचारताच. आणि मी? समोर खरा चंद्र आला तर म्हणालो, हा माझ्या डब्यातला रंग!

बाईंनी पाणी दिलं. "काही लागतं का तुमचं या माशाशी?" म्हणाल्या.

घरी आलो तो धापा टाकतच. ती लेन्सवरची धूळ ब्रशने झटकत होती.

"पोरी, माफ कर! संग्रहालयात जाऊन आलो. कोर नाहीच तिथे! तू खरी होतीस!"

ब्रश थांबला. "जाऊन आलात?"

"हो! या डोळ्यांनी बघितलं."

"खात्री झाली?"

"शंभर टक्के!"

ती थोडीशी हसली. "बरं झालं. बसा आजोबा, धाप लागलीय तुम्हाला." आणि पुन्हा लेन्स पुसायला लागली.

मला वाटलं होतं, गळ्यात पडेल. दमली असेल.

९ मार्च, रविवार

उद्या दालन उघडलं की प्रमुखांना गाठणार. माझ्याच तोंडाने घालवलं, माझ्याच तोंडाने परत आणणार. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. दोनदा अडखळलो. सूनबाई दारातून म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, कशाला दगदग?" कशाला म्हणजे? पोरीचं वर्ष जातंय! बोट काय माझ्यासाठी थांबणार आहे?

१० मार्च, सोमवार

शिरतानाच समोर फोटो. पहिल्यापेक्षा मोठा करून लावलेला.

माझं भाषण तोंडातच राहिलं. प्रमुख म्हणाले, "अहो, चौकशी मंगळवारीच मिटली! तिने पाण्यात काढलेले सगळे फोटो आणून दाखवले, ओळीने. बोटीवरची जागा पक्की आहे. तुमच्या घरी माहीत आहे सगळ्यांना."

मग जरा घुटमळले.

"तुम्हाला मात्र कळवू नका म्हणाली. म्हणाली, आजोबा पुरावा न बघता काय म्हणतात, तेवढं मला ऐकायचंय."