न लावलेलं शेवटचं रीळ

वाडी, ३ फेब्रुवारी २०२५

ती. गोपिका मावशीले मिनलचा शि. सा. नमस्कार.

यायनं माझा फोन भिंतीवर आपटून फोडला, म्हणून पत्र. पोळी गार झाली, एवढंच निमित्त. मंग माझं डोकं ओट्यावर आदळलं. भुवईले चार टाके पडले. रक्त पाहून हेच रडले, माझे पाय धरले. घर सोडू का राहू? तू हो म्हणशील तरच निघीन. उत्तर शेजारच्या श्वेताच्या पत्त्यावर टाकजो.

तुझी माया राहू दे.
मिनल

खापा, ८ फेब्रुवारी

चि. मिनलले पोटभर आशीर्वाद.

वाचून जीव तुटला वं. पण जितेंद्र रडला ना? मंग घाई नको करू. तुझे मावसाजी नागपूरले टॉकीजात मशीन चालवत, तेव्हा रविवारी सकाळी इंग्रजी खेळ राहे. त्यातला एक बिलायती काळा-पांढरा सिनेमा मी तीनदा पाह्यला. बायकोले वाटे, नवऱ्यानं पहिल्या बायकोले जिवानिशी मारलं. हातमोजे घालून तो जिना चढते, माझा तर जीव मुठीत! आन शेवटी तिले छातीशी धरते. सारा संशयच होता. नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं, पाहजो. हळद-दूध घे, रडूबाई.

मावसाजीचेही आशीर्वाद.
मावशी

वाडी, २० फेब्रुवारी

ती. मावशीले नमस्कार.

श्वेताच्या टीव्हीवर पाह्यला. मिठीवर संपत नाही, मावशी. पुढं वीस मिनिटं आहे. मिठीतच तो तिचा रुमाल गळ्याभोवती आवळते. पहिलीले त्यानंच मारलं होतं. तिले खरा जीव लावणारा डॉक्टर येऊन तिले सोडवते.

परवा जितेंद्रनं माझी ओढणी तशीच आवळली. डोळ्यापुढं अंधार आला. हाती वरवंटा लागला, तो त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. मले डॉक्टर कोठचा? श्वेता धावली. तिच्याच घरी आहो. ३ तारखेले, सोमवारी, माफी मागून घ्यायले येतो म्हणते. जाऊ का?

मिनल

खापा, २५ फेब्रुवारी

माझ्या लेकीले आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ?

मावसाजीले विचारलं. हासले. म्हणे, बाराच्या हिंदी खेळाले उशीर होई, म्हणून शेवटचं रीळ कधी लावलंच नाही. मिठीवर लोक खुशीत उठत. पण त्यायनं ते पाह्यलं होतं वं. त्यायले सारं ठाऊक होतं.

माझी करंगळी वाकडी काहून, तू लहानपणी विचारे. मी म्हणे, दारात चेंगरली. दार नव्हतं. त्या मिठीच्या भरवशावर मी चाळीस वर्षं काढली, आन तुलेही तेच सांगतलं. माफ करजो.

त्याले दार उघडू नको. रविवारीच मी येईन. दोघी पोलीस ठाण्यात जाऊ. पिशवीत माझी सारी लुगडी भरली.

लोभ होताच, आता सोबतही.
तुझी मावशी