अण्णांचा गट, माझा फोटो

११ ऑक्टोबर
सासरे (अण्णा) येऊन आठवडा झाला. इथे आखातात अल मन्सूरातलं दोन खोल्यांचं आमचं घर, त्यात झेडपीचं ऑफिस थाटलंय. सकाळी उठल्यापासून सोफ्यावर मांडी, फोन स्पीकरवर. "त्या पाइपलाइनचं बघतो मी!" इथून काय बघणार, कपाळ? आधी सरपंच, मग झेडपी मेंबर, आणि स्वतःचं ताट उचलायचं माहीत नाही. आई (सासूबाई) पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे.

१३ ऑक्टो.
आरक्षणाची सोडत निघाली. अण्णांचा झेडपीचा गट महिलांना राखीव! मला आतून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला लिहू. जेवताना म्हणाले, "सूनबाई, तुझं नाव हाय ना अजून गावच्या मतदार यादीत?" मिलिंद मान खाली घालून भात कालवतोय. नवरा म्हणे!

१४ ऑक्टो.
स्पष्ट नाही म्हटलं. माझी लॅबची नोकरी, सुपरवायझरसाठी माझं नाव पुढे गेलंय, ओमची शाळा...
"अगं, तू निस्ती सही करायची. कारभार मी बघतो."
आई सरपंच होत्या तेव्हा हेच. ग्रामसभेत खुर्चीवर अण्णा, आणि सरपंचबाई आत चहा गाळतायत.
संध्याकाळी "घरात लावायला एक फोटो" म्हणून बाल्कनीत उभं केलं. डोक्यावर पदर घे म्हणाले. घेतला मी, बावळटासारखा.

१७ ऑक्टो.
डोकं फिरलंय. लॅबमधली वृषाली आमच्याच तालुक्यातली. तिने मोबाइल पुढे धरला. बॅनर! 'उच्चशिक्षित सूनबाई, परदेश सोडून गावच्या सेवेत.' माझ्यामागची बिल्डिंग कापून गावचं देऊळ चिकटवलंय. अण्णांचा फोटो माझ्या दुप्पट.
दुपारपर्यंत तो लॅबभर फिरला, आणि मॅनेजरने बोलावलं. "यू आर लीव्हिंग अस?" नो सर, नो सर करत राहिले. सुपरवायझरचं विचारलं, तर इन्शाल्ला म्हणाला. ह्याच्या तोंडचा इन्शाल्ला म्हणजे नाही, हे मला चांगलं कळतं.
घरी येऊन फुटलेच. "कुणाला विचारून छापलंत?"
"घरच्या माणसाला काय विचारायचं?"
आतून ओम, "मम्मा, स्टॉप शाउटिंग!"

१८ ऑक्टो.
अण्णांशी बोलणं बंद. आई ओट्यापाशी आल्या. मला वाटलं, समजूत घालणार.
"मला न्हाई इचारलं त्यांनी. माझंबी नाव हाय की यादीत."
मी गॅस बंद केला.
"हुभी राहते मी. पण ह्यांना हितंच ठिवून घे. मतदान हुईस्तोवर."
मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

१९ ऑक्टो.
नाश्त्याला आईंनी सांगून टाकलं. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. "तुला माइक तरी धरता येतोय का?"
"तुमची भाषणं ऐकण्यात जन्म गेला. लोक कुठं उठून जात्यात, ते ठावं हाय मला."
अण्णांनी लगेच गावातल्या बाळूला फोन लावला, बॅनर तसाच ठेव म्हणून. स्पीकरवर बाळू: "अण्णा, वहिनींचा फोन आल्ता पहाटं. सूनबाईंचा काढून त्यांचा फोटो लावायचाय म्हणं. आन् तुमचाबी काढायचाय."
पहिल्यांदाच स्पीकर बंद झाला.

२२ ऑक्टो.
आईंचं विमान. अण्णांनीही बॅग भरली. आई दारातच वळल्या. "तुम्ही आलात तर मी अर्जच भरणार न्हाई. मग बसा गट कुणाच्या हातात जातोय ते बघत."
मिलिंद एकट्या आईंना एअरपोर्टवर घेऊन गेला. अण्णा बॅग धरून उभेच.

२४ ऑक्टो.
सुपरवायझरचं अजून काही कळलेलं नाही. बॅनरचा गुण! अण्णांशी मी अजून बोलत नाही. कीव वगैरे काही येत नाही मला.
आज त्यांचा फोन एकदाही वाजला नाही. चार वाजता हाक मारली, "सूनबाई, चहा?"
"किचन तिकडे आहे."
मग उठले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज.
"साखर कुठाय गं?"
मी टीव्हीचा आवाज वाढवला. दाराशी त्यांची बॅग अजून भरलेलीच आहे.