बबलूचे खांदे

सुरत

माय, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

इथं बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. जेवण वेळेवर होतं.

खोलीत सगळे आपल्याच गावचे. कबड्डीचा हंगाम संपला, तरी रोज वाद. पुढच्या वर्षी संघात पकडीला कोण घ्यायचं? मग गोष्ट आपल्या बबलूवर येते. एवढ्यात एवढे खांदे कसे भरले, ताकदीच्या सुया टोचून घेतो म्हणतात. मी भांडलो, माझा भाऊ दूध-भाकरीवर वाढलाय. तर म्हणाले, मग घे कानबाईची शपथ.

माझ्या तोंडून निघाली नाही, माय.

तो झोपतो का नीट? उगाच चिडतो का?

कानबाईच्या रोटांच्या सणाला बायका तुलाही शपथ घालतील. तेव्हा चुलीत लाकूड सारायला म्हणून उठून जा.

तुझा प्रेमराज