झाकणाच्या आतले बारा शब्द

ता. ११ फेब्रुवारी २०१४

चि. खुर्द्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बायकोची पाठ आता बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. माझे कान आहेत तसेच आहेत. दुकानातली सगळी घड्याळं एकदम टोले देतात तेव्हा मला फक्त टेबल थरथरल्यासारखं जाणवतं. तेव्हा फोन घे, फोन घे हे तुझं टुमणं आता पुरे. शिवाय पत्रात तू कमी भांडतोस.

आता बातमी, जरा बसून वाच. समुद्रापलीकडच्या त्या घड्याळवेड्या गृहस्थाचं खिशातलं घड्याळ मी दुरुस्त करून पाठवलं. ते चालू लागलं आणि स्वारी खूश झाली. पण मजुरी पाठवायची तर मध्ये तुझ्या बँकेसारख्या दोन बँका बसलेल्या. दोघींनी आपापला घास काढून घेतल्यावर माझ्या ताटात चमचाभर उरणार. त्याने विचारलं, बिटकॉइन चालेल का? मी कळवलं, आधी मला ते समजू तर दे.

मास्तरांना इंग्रजी येतं आणि मला यंत्र कळतं, म्हणून नवराबायको दोघंही संगणकासमोर ठाण मांडून बसलो. तुला समजेल असं सांगते. हा पैसा कुठल्या बँकेच्या तिजोरीत नसतो. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच हिशोब लिहिलेला असतो. तो सगळ्यांना दिसतो, पण कुणा एकाला खोडता येत नाही. आपल्या वाट्याचं हलवायचं तर गुप्त चावी लागते आणि चावी ज्याच्या हातात, पैसा त्याचा. मला हसूच आलं. जन्मभर लोकांच्या घड्याळांना चावी देत आले, आता माझी स्वतःची एक मिळाली.

आधी अगदी चिमूटभर मागवलं. थोड्या वेळाने आकडा पडद्यावर उमटला. शिक्का नाही, सही नाही, जेवणाची सुट्टी नाही. मास्तरांनी टाळ्याच वाजवल्या. मग उरलेलं मागवलं आणि काचेवर पाटी लावली की बिटकॉइन चालेल. शेजारचा न्हावी पाटी वाचून विचारत होता, ही घड्याळाची कुठली नवी कंपनी?

हे पैसे मी मोडणार नाही. दुकानाची जागा एक ना एक दिवस मालकाकडून विकत घ्यायची हे माझं जुनं खूळ तुला ठाऊक आहे. त्या खिडकीतून येतो तसा उजेड मला दुसरीकडे कुठे मिळायचा?

मुलांना पापे. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई


ता. ३ मार्च २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, मी दिवसभर नोटा हाताळतो. नोट उजेडाला धरली की धागा दिसतो, बोटांना कागद ओळखू येतो. तू जे घेऊन बसलीस त्याला ना रंग ना वास. फसवणूक झाली तर तक्रार कुणाकडे करायची? न्हाव्याकडे?

आणि आता हे वाच. जिथे बिटकॉइनची खरेदी-विक्री चालायची असं एक मोठं दुकान बंद पडलं म्हणे, लोकांचे पैसे आत आणि दाराला कुलूप. आमचे साहेब डबा खाता खाता ही बातमी मोठ्याने वाचत होते आणि असल्या खुळ्यांना असंच पाहिजे म्हणत होते. ताई, मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, त्या खुळ्यांत माझी बहीणही आहे, आणि तिच्या टेबलावरचा तिळाएवढा स्क्रूसुद्धा कधी हरवत नाही. साहेबांचा घास तोंडातच राहिला. आता महिनाभर माझ्या रजेचं काही खरं नाही.

पण खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली आहे. तुझे पैसे त्या दुकानात होते का? मला दोन ओळी लिही, म्हणजे मला झोप लागेल. भावोजींना नमस्कार. त्यांनी तरी तुला आवरायचं होतं!

तुझ्या मायेवर जगणारा,
खुर्दा


ता. १२ मार्च २०१४

चि. खुर्द्यास,
अ. उ. आशीर्वाद.

नव्हते. तेव्हा झोप.

त्या प्रकारच्या दुकानात मी एकदाच गेले, बाजार कसा चालतो ते पाहायला, आणि तिथे माझी चांगली जिरली. भाव गडगडला तेव्हा घाबरून थोडं विकलं आणि दोन दिवसांनी तेच चढ्या भावाने परत घेतलं. मास्तर नुसते मिशीत हसले. त्यानंतर ठरवलं की मजुरी म्हणून येईल ते ठेवायचं आणि रोज भाव बघायचा नाही. घड्याळ दुरुस्त झाल्यावर कुणी दर घटकेला उघडून पाहत नाही. आणि ठेवायचं ते आपल्याच चावीखाली. दुसऱ्याच्या गल्ल्यात आपले पैसे कशाला?

चावीचंही सांगते. संगणक मोडला तर सगळं परत मिळावं म्हणून तो आपल्याला बारा इंग्रजी शब्द देतो, साधेच, पण ठरलेल्या क्रमाने. ते बारा शब्द हीच चावी. लोक कागदावर लिहितात. कागद भिजतो, जळतो, रद्दीत जातो. आम्ही घड्याळवाले दुरुस्तीची खूण झाकणाच्या आतल्या बाजूला कोरतो, पुढच्या कारागिराशिवाय ती कुणी बघत नाही. मग मीही तेच केलं. भिंतीवरच्या बंद घड्याळाचं पितळी झाकण काढलं, मास्तर पडद्यावरून शब्द वाचत गेले आणि मी कोरत गेले. माझा हात मराठी अक्षरांचा, म्हणून जसे ऐकले तसे मराठीतच कोरले.

ऐकले म्हणजे काय, पाहिले म्हण. माझ्या कानांची तऱ्हा ओळखून मास्तर प्रत्येक शब्द मला ओठांवरून वाचता यावा असा सावकाश म्हणत आणि त्याची नक्कलही करून दाखवत होते. एका शब्दाला हा निवृत्तीला आलेला शिक्षक चक्क खुर्चीवर चढला. शब्द कुठला ते विचारू नकोस. मध्येच त्यांना चहाची हुक्की आली म्हणून थांबलो, नाहीतर एका बैठकीत झालं असतं. हसून हसून माझी कोरणी दोनदा घसरली.

सोबत मास्तरांनी तुझ्यासाठी सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या आहेत. तुझ्या संगणकावर तूही चावी तयार कर, मी चिमूटभर पाठवते. मग बोल.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून हा खटाटोप.
तुझी ताई


ता. ६ सप्टेंबर २०२१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रस्ताभर तुझं टेबल डोळ्यांसमोर होतं.

तू मला पहिली चिमूट पाठवलीस तेव्हा मी खुर्चीतून उठून पडद्यामागे पाहिलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. या सात वर्षांत भाव आभाळाला भिडला, जमिनीवर आपटला, पुन्हा चढला. आमच्या बँकेतले भलेभले त्यात शिरले आणि पोळून बाहेर आले. तू मात्र मजुरी घेत राहिलीस आणि ठेवत राहिलीस. भावोजी गेले त्या वर्षीही ती मोडली नाहीस. ज्याला मी खूळ म्हणालो त्यातून आज ती जागा घेता येईल, आणि मालकही विकायला निघाला आहे. आणि नेमका आत्ताच संगणकाने मान टाकावी!

आपण झाकण काढलं, मी स्पेलिंग सांगत गेलो, तू नव्या संगणकावर टाइप करत गेलीस आणि पडद्यावर आलं की हे शब्द जुळत नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी तिसऱ्यांदा पहिल्या शब्दापासून स्पेलिंग सांगायला लागलो. तू काय केलंस? डोळ्याला भिंग लावलंस आणि एका दाईचं मनगटी घड्याळ पुरं करायला बसलीस, कारण संध्याकाळचा वायदा होता. ताई, मी तीस वर्षं तिजोरीजवळ बसलोय, पण एवढं काही गमावून बसलेल्या माणसाचा हात असा स्थिर राहिलेला पाहिला नाही. मी तुला हे तोंडावर सांगू शकलो नाही, म्हणून लिहितो.

माझी शिल्लक घे म्हटलं तर तू नको म्हणालीस. बरं. पण महिनाअखेर मालक मागे लागलेल्या त्या चपलांच्या दुकानवाल्याला जागा देऊन टाकेल, तेव्हा हट्टाला थोडी मुरड घाल.

आणि एक महत्त्वाचं. आमच्या शाखेत संगणकाचं बघणारी एक बाई आहे. शब्द न सांगता तिला विचारलं. तिचं म्हणणं असं, की हे शब्द एका ठरलेल्या यादीतूनच येतात आणि बारांतला एक चुकला तरी कुलूप उघडत नाही. मराठीत लिहिलेत हे कळल्यावर ती हसली आणि म्हणाली, तिथेच घोळ असेल, एकाच उच्चाराचे दोन इंग्रजी शब्द असू शकतात. तेव्हा एकेक शब्द घेऊन आठव. पण पत्रात एकही लिहू नकोस, मलासुद्धा नाही.

मी इथे जीव मुठीत धरून बसलो आहे. लोभ कायम ठेव, त्याला तरी स्पेलिंग लागत नाही.

तुझा,
खुर्दा


ता. २४ सप्टेंबर २०२१

चि. खुर्द्यास,
अ. उ. आशीर्वाद.

जागा घेतली. कागदावर सह्या झाल्या. चपलांचं दुकान आता दुसरीकडे जागा बघतंय. तुझा जीव भांड्यात पडला असेल, म्हणून हे आधी लिहिलं. तुझ्या त्या बाईंना माझ्यातर्फे धन्यवाद दे. त्यांचं घड्याळ कधी बंद पडलं तर मजुरी घेणार नाही.

आता सगळं नव्या बारा शब्दांखाली हलवलं आहे, तेव्हा जुने सांगायला हरकत नाही. नवे मी इंग्रजी अक्षरांतच कोरले, चित्र काढावं तसे, एकेक अक्षर पाहून.

तुझं पत्र आल्यावर मी झाकण घेऊन खिडकीशी बसले आणि प्रत्येक शब्दाला मास्तरांची नक्कल आठवत गेले. शिडीला खुर्चीवर चढले होते. सिंहाला जबडा उघडला, साबणाला हात चोळले. सगळं लख्ख डोळ्यांसमोर होतं. मी एकटीच बसून हसत होते. न्हावी काचेतून बघून गेला.

सातव्या शब्दाला अडले. झाकणावर ‘पेअर’ आहे. तू बेधडक फळाचं स्पेलिंग सांगितलं होतंस आणि मीही मान डोलावली होती. पण फळाची नक्कल मला काही आठवेना. मास्तरांनी काही चावल्यासारखं केलं नव्हतं, काही हुंगलंही नव्हतं. आठवत होता तो फक्त चहा. त्यांनी दोन बोटं दाखवली, मला वाटलं, दोन मिनिटं थांब म्हणतायत. मी कोरणी ठेवून आधण टाकायला गेले. कप पुढे ठेवला तर म्हणाले, मी कुठे चहा मागितला? मी त्यांना विसराळू म्हणाले. ते नुसते हसले आणि चहा प्यायले.

मग मास्तरांची डिक्शनरी काढली. तोच उच्चार, स्पेलिंग वेगळं, अर्थ जोडी. तसं टाइप केलं आणि उघडलं.

खुर्द्या, तुला वाटेल मी त्या आकड्याकडे बघत बसले. आकडा मी दुसऱ्या दिवशी पाहिला. त्या दिवशी मी खूप रडले, मास्तर गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. कारण आता ती दोन बोटं मला नीट आठवली. पहिलं त्यांनी स्वतःच्या छातीला लावलं होतं आणि दुसरं माझ्याकडे केलं होतं. आणि मी उठून चहा करायला गेले.

लोभ आहेच. अधूनमधून त्याला चावी देत जा.
तुझी ताई