परतीची गाडी

२ सप्टेंबर २०१९, लातूर

गोधडीला शेवटचा टाका घालताना बोर्डिंगमधली थंडी आठवली. नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये ताई आणि मी एकाच पांघरुणात झोपायचो. सिस्टर ओरडायच्या, "टू बेड्स, सौदामिनी!" ताई नुसता हात बाहेर काढून "येस, सिस्टर" म्हणायची — आणि तिचे गार पाय माझ्या पायांवर ठेवायची. किती गार!

५ सप्टेंबर

गंधारचा हट्ट शेवटी मान्य केला. त्याच्या ऑनलाइन दुकानाची पुस्तकं नांदेडहून इथल्या क्लासच्या मुलांसाठी येतात. टेम्पो परत जातो रिकामा. "आई, रिकामी गाडी पळवणं म्हणजे पाप!" आता पुस्तकं उतरली की माझ्या कारखान्यातल्या गोधड्या त्याच्याच दुकानातून विकायला चढणार. भाडं निम्मं-निम्मं. इकडच्या गावांतल्या ऑर्डरी ड्रायव्हर वीरण्णाच पोचवणार. तो उदगीरकडचा, मला अक्का म्हणतो.

सुमनबाई शिवता शिवता म्हणाली, "आता आपल्या गोधड्या बी क्लासला निघाल्या म्हणा की!"

११ सप्टेंबर

ऑर्डर आली. दोघींना पुरेल एवढी मोठी गोधडी. नाव — सौदामिनी. पत्ता — ताईचं सासर, जुनं गाव.

त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला, पहाटेच्या भूकंपात ते गाव गेलं. ताईसकट. नवं गाव लांब वसवलं. जुन्या जागी नुसत्या बाभळी.

गंधार फोनवर म्हणाला, "कुणीतरी चेष्टा करतंय. येईल पार्सल परत."

तरी पाठवली.

१३ सप्टेंबर

परत आली नाही.

माल पोचला की ड्रायव्हरने दाराशी फोटो काढायचा असतो. वीरण्णाने काढलेला पाहिला. निळी चौकट. चौकटीवर आमच्या शाळेचा पितळी बिल्ला! लग्नानंतर ताईनेच ठोकला होता. सासू केवढी चिडली होती!

"दार कुणी उघडलं रे?"

"त्वांड न्हाई दिसलं, अक्का. आतून नुसता हात आला. म्हनल्या — धाकटीला सांग, पाय अजून गारच हायत."

ताई मला धाकटी म्हणायची. हे वीरण्णाला कुणी सांगितलं?

१६ सप्टेंबर

गंधार स्वतः जाऊन आला. "आई, तिथं दार काय, भिंतसुद्धा नाही. तू आता इथं एकटी राहायचं नाहीस." एक तारखेला मला नांदेडला नेणार. हो म्हटलं. वीरण्णाला त्याने मुदखेडच्या फेरीवर टाकलं. तो गरीब बिचारा एवढंच म्हणाला, "दार हाय, अक्का."

२२ सप्टेंबर

दुपारी डोळा लागला. पायांवर पाय होते. मी हलले नाही.

२३ सप्टेंबर

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली.

२९ सप्टेंबर

मोबाइलवर निरोप आलाय. उद्या पहाटे माल उचलायला गाडी येणार. उचलायचा पत्ता — माझा. पोचवायचा — जुनं गाव.

शिलाईची मशीनं आणि कारखाना सुमनबाईला. माझ्या मोत्यांच्या कुड्या नात मालविकाला. वीरण्णाला त्याची फेरी परत द्यावी. तो खोटं बोलला नाही. नांदेडसाठी भरलेली बॅग गंधारने उघडून घ्यावी, वरच त्याचं लहानपणीचं दुपटं आहे.

मोठी गोधडी शोधू नये. पोचली आहे.

गंधार, गाडी रिकामी जाणार नाही.