पंप धरून सहा प्लेटा

मंगळवार, चैत्र. सांज.

छावणी बाजारातला सोलरवाला आज आमची वर्षाची लाईटबिलं मांडून बसला. म्हणला, "आजी, तुमचं युनिट लई कमी. छतावर चार प्लेटांत भागंल."

कमी व्हय! बोअर आटल्यापासून पंपच बंद हाय. टँकरवर जगतोय. पंपाच्या स्टार्टरला सुनेनं लसणाची पिशवी अडकवलीय.

मी म्हणलं, "बाबा, पंप धर हिशोबात."

माझा लेक सुधाकर चिडला. "आई, बोअरमधी धूळ हाय नुसती. घरामागं एवढ्या बिल्डिंगी उठल्या, त्यांनी पाणी ओढलं सगळं. पंप कशाला धरायचा?"

"पाणी यायचंच नसंल तर या घरात राहणार कोण? मग चार तरी कुणासाठी बसवतोस? कावळ्यांसाठी?"

सोलरवाला हसला. कागदावर चारच्या सहा झाल्या.

पाणी येईल असं मला वाटतं का? नाय वाटत. पण ते इथं लिहायचं, लेकापुढं बोलायचं नाय.

मघाशी ती पिशवी स्टार्टरवरून काढली. सून विचारंल तर सांगीन, तिथं लसूण सडतो.